दर पावसाळ्यात जुन्या कागदांवर बुरशी परत येते? औषध कागदाला नको, जागेला हवं

दिवाळीत गाठोडी सोडायची, कागद झटकायचे, उन्हात घालायचे, नव्या डांबरगोळ्या टाकून पुन्हा बांधायचे. पुढच्या ऑगस्टमध्ये सहज एका गठ्ठ्याचा रुमाल (वर बांधलेलं कापड) सोडावा तर आत तोच हिरवट-पांढरा भुरा आणि तोच कुबट वास. बहुतेकदा त्याच गठ्ठ्याला, त्याच कडेला. घरात जुनी कागदपत्रं असलेल्या मुंबईकरांची ही नेहमीची रड. माझीही सलग चार पावसाळे हीच रड होती, पाचव्या वर्षी थांबली. कशाने थांबली ते सांगते, पण त्याआधी कशाकशाने थांबली नाही तेही सांगावं लागेल. तुम्ही आत्ता बहुधा त्यातलंच काहीतरी करत असाल.

माझ्याकडचं दप्तर सासऱ्यांचं. थोडे मोडी दस्त, पाच हस्तलिखित पोथ्या, काही शिळाछाप (दगडावरून छापलेली) पंचांगं, आणि ज्याला ते स्वतः ‘किरकोळ’ म्हणायचे ती एक अख्खी ट्रंक: नाटकांची हँडबिलं, गणपतीतल्या मेळ्यांच्या पदांची चोपडी, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली पत्रकं, १९८२ च्या गिरणी संपातली पत्रकं, लग्नपत्रिका, १९६४ मध्ये बंद झालेल्या ट्रामची तिकिटं. गिरगावच्या चाळीत हे सगळं माळ्यावर, कौलांखाली वर्षानुवर्षं पडून होतं. कसरीने थोडं खाल्लं, उंदरांनी एक कोपरा कुरतडला, पण बुरशी म्हणाल तर नावाला नाही. आम्ही बोरिवलीला पक्क्या, स्वच्छ, सरकत्या काचांच्या फ्लॅटमध्ये आलो आणि दुसऱ्याच पावसाळ्यात दप्तराने बुरशी धरली. मला वाटलं, कागद म्हातारे झाले. पुढची सगळी चुकीची कामं या एका समजुतीतून झाली.

बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात. तुमच्या कपाटात आहेत, माझ्या कपाटात आहेत, शाईवर आहेत, खळीवर आहेत. ते नुसते पडून राहतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकते त्यातली किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते माप) साधारण ६५ टक्क्यांच्या वर गेली आणि सलग काही दिवस तिथेच राहिली की ते रुजतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतली बाहेरची हवा ८० च्याही वर असते. म्हणून बुरशी ‘मारून’ मोकळं होता येत नाही. आज मारली तिची जागा उद्या हवेतली दुसरी घेते. जुन्या दप्तरखान्यांत थायमॉल या रसायनाची धुरी द्यायची पद्धत होती. धुरीच्या पेटीत बुरशी मरायची, पण पेटीतून बाहेर काढलेल्या कागदाला पुढे तिचं काही संरक्षण उरायचं नाही. डांबरगोळ्यांचा तर बुरशीशी संबंधच नाही. त्या किड्यांसाठी. त्यांच्या उग्र वासाखाली कुबट वास लपतो एवढाच त्यांचा परिणाम, आणि तो तोट्याचाच, कारण कुबट वास ही तुम्हाला मिळणारी पहिली सूचना असते.

आधी खात्री करा

कागदावरचे तपकिरी, गंजासारखे ठिपके, जे बोटाला लागत नाहीत आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात, ते डाग आहेत, वाढती बुरशी नव्हे. त्यांना हात लावू नका. कडा पिवळ्या पडून कागदाचे तुकडे पडत असतील तर ते आम्लाचं काम. वरची साल खरवडल्यासारखी गेली असेल, वेडीवाकडी भोकं असतील तर कसर. तिला कागदातली आणि खळीतली पिष्टं आवडतात. बुरशी लोकरीसारखी किंवा भुकटीसारखी दिसते, ब्रश फिरवला की उडते, आणि वास येतो. ओलसर, चिकट, बोटाने फासली जाणारी असेल तर ती आत्ता जिवंत आहे. कोरडी भुकटी असेल तर निजलेली आहे, मेलेली नाही. हा फरक साफसफाईच्या वेळी कामाला येतो.

पहिलं वर्ष: भिंत

माझं लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकून होतं. बुरशी नेहमी मागच्या बाजूच्या गठ्ठ्यांना. वॉटरप्रूफिंगवाला आला, भिंतीवर दोन थापा मारल्या आणि बाहेरून अख्खी भिंत करायला सांगून गेला. मी त्याआधी एक स्वस्त परीक्षा केली, तुम्हीही करा. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा वहीच्या पानाएवढा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवसांनी पाहायचं. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर भिंतीतून ओल येतेय, गळती शोधा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर खोलीतलीच वाफ गार भिंतीवर बसतेय.

माझं फॉइल दोन्ही बाजूंनी कोरडं निघालं. तरी बुरशी होतीच.

हे कोडं सुटायला मला वर्ष लागलं. बुरशीला पाणी लागतच नाही, दमट हवा पुरते. धरा, खोलीतली हवा २८ अंश आहे आणि आर्द्रता ७५ टक्के. पावसाने भिजलेली भिंत खोलीपेक्षा फक्त ३ अंशांनी गार आहे. वाफ तेवढीच, पण भिंतीलगतच्या गार हवेत तीच वाफ ८९ टक्के भरते. भिंत हाताला कोरडी लागते, फॉइल कोरडं राहतं, आणि कपाटाच्या मागच्या पत्र्याला टेकलेला गठ्ठा तीन महिने ८९ टक्क्यांत बसलेला असतो. चाळीत नेमकं उलट होतं. कौलं तापायची, खाली दिवसभर स्टोव्ह चालायचा. हवा तापली की तेवढ्याच वाफेची टक्केवारी उतरते. वर फटींतून वारा खेळता. माळा गैरसोयीचा होता, पण कागदांना मानवत होता.

उपाय फुकटचा आहे. कपाट आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीकडे न्या. ती भिंत न्हाणीघराची नको. मागे वीतभर जागा सोडा, खाली विटा लावा, गठ्ठे मागच्या पत्र्याला टेकवू नका. मी एवढं केलं आणि मागच्या कडेची बुरशी गेली.

दुसरं वर्ष: माझाच नवा खारवा

त्याच वर्षी मी मोठ्या हौसेने सगळ्या गठ्ठ्यांना नवीन लाल खारवा आणला. ऑगस्टमध्ये पाहते तर या वेळी बुरशी कडेला नव्हती, सगळ्या गठ्ठ्यांवर सारखी होती, आणि कागदापेक्षा कापडावर जास्त. नव्या कापडाला कांजी असते. कांजी म्हणजे बुरशीचं पंचपक्वान्न. कापड आधी गरम पाण्यातून तीन-चारदा धुऊन, नीळ-खळ न लावता, कडक वाळवून मगच वापरा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. लाल उतरलं तर ते कापड नको, बिनरंगी मांजरपाट घ्या. पोथी लालच कापडात हवी असा ज्येष्ठांचा आग्रह असेल तर आत मांजरपाट आणि बाहेर लाल. आमच्याकडे तसाच तह झाला.

तोच न्याय पेटीच्या तळाला घातलेल्या वर्तमानपत्राला. ते लाकडाच्या लगद्याचं, आम्लधर्मी. ओल शोषतं आणि वर ठेवलेल्या कागदाला पिवळं करतं.

तिसरं वर्ष: मापक खोटं बोलत होता

आता मी शहाणी झाले होते. छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणून कपाटात ठेवला. तो ६०-६१ दाखवायचा आणि मी निवांत. तरी बुरशी आली. मग कुठेतरी वाचलेली मिठाची परीक्षा आठवली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठाच्या भोवतीची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा पदार्थाचा गुणधर्म आहे, त्यात मतभेद नाहीत. माझा मापक सकाळी ६९ दाखवत होता. म्हणजे तो ६ ने कमी वाचायचा, आणि माझं निवांत ६१ खरं तर ६७ होतं. झाकणावर ‘अधिक ६’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. स्वस्त मापक वापरा, पण मिठाशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

चौथं वर्ष: एसी

हा सगळ्यात फसवा. एसी हवा कोरडी करतो हे खरं, पण जोवर चालू आहे तोवरच. आम्ही रात्री २४ वर लावायचो, सकाळी बंद करून खिडक्या उघडायचो. बाहेरची हवा ३० अंश, ८० टक्के. अशा हवेतली वाफ २६ अंशांच्या आसपास गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरते. रात्रभर २४ अंशांत राहिलेलं लोखंडी कपाट म्हणजे दवासाठी मांडलेला पाटच. रोज सकाळी अर्धा तास पत्र्यावर दव, पंख्याने ते वाळायचं, म्हणून मला कधी दिसलं नाही. एके दिवशी लवकर उठून कपाटावर बोटाने नाव लिहिलं तेव्हा कळलं.

तर, एसीच्या खोलीत दप्तर नको. असलंच तर सकाळी त्या खोलीच्या खिडक्या लगेच उघडू नका. आणि गार खोलीतली पोथी तशीच गॅलरीत आणू नका. गुंडाळलेलीच बाहेर ठेवा आणि दोन-तीन तासांनी, ती खोलीइतकी उबदार झाल्यावर सोडा.

कोणता कागद आधी वाचवायचा

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. माझाही चुकला. मी जुन्यातल्या जुन्या दस्तांना जपत होते आणि १९५६ ची पत्रकं ट्रंकेत कोंबलेली होती. हातकागद चिंध्या-तागापासून केलेला, पिठाची खळ दिलेला, दगडाने घोटलेला असतो. जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावरचा दोनशे वर्षांपूर्वीचा दस्त आजही घडी मोडून उघडतो. हँडबिलं आणि पत्रकं लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर. त्यांचं आयुष्य मुळातच थोडं, आणि दमटपणाने आम्लाचं काम आणखी वेगाने होतं. शिवाय दस्ताची नक्कल कुठल्यातरी दप्तरात सापडू शकते, गल्लीतल्या मेळ्याच्या पदांच्या चोपडीची दुसरी प्रत कुणी ठेवलेली असेल याचा भरवसा नाही. कोरडी जागा थोडीच असेल तर ‘किरकोळ’ला आधी द्या.

आता शाई. बोरूने लिहिलेली काळीभोर शाई बहुधा काजळ आणि डिंकाची. ती उन्हाने उडत नाही, पण पाण्याने पसरते, म्हणून ओला बोळा कधीच नाही. कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या इंग्रजी कागदांवरची तपकिरी झालेली शाई पाहिलीत तर ती हिराकशीची असण्याची शक्यता मोठी. तिच्यातलं लोह आणि आम्ल दमट हवेत कागद खातं, अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची चीर पडते. असे कागद घडी घालून ठेवू नका. जांभळे रबरी शिक्के, कॉपिंग पेन्सिल आणि पतंगी कागदावरची रंगीत हँडबिलं ओलीने रंग सोडतात आणि शेजारच्या कागदाला लावतात. त्यांच्यामध्ये कोरा पांढरा कागद घाला, ॲसिड-फ्री मिळाला तर उत्तम. शिळाछापाची शाई तेलकट, ती पाण्याला बरीच दाद देत नाही. मुद्रक गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पहिलं मराठी पंचांग छापलं, त्या परंपरेतल्या शिळाछाप प्रती अनेक घरांत नंतरच्या खिळेछापापेक्षा (धातूचे खिळे जुळवून केलेल्या छपाईपेक्षा) धडधाकट दिसतात.

जाता जाता: पोथीत पिवळ्याधमक रंगाने एखादी ओळ झाकलेली दिसली तर तो हरताळ. चुकलेला मजकूर पुसायला तो फासत, आपला ‘हरताळ फासणे’ तिथूनच आला. हरताळात आर्सेनिक असतं. पान उलटताना थुंकी लावायची सवय असेल तर ती पोथीपुरती तरी सोडा, आणि नंतर हात धुवा.

साफ करायचंच तर

पावसाळ्यात नाही. ऑगस्टमध्ये बुरशी दिसली तर तो गठ्ठा वेगळा करा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घरातल्या सर्वांत कोरड्या खोलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. ओल आतच कोंडते आणि आठवड्यात दुप्पट काम होतं. ओली, चिकट बुरशी घासली तर ती कागदाच्या धाग्यांत रुतते, मग तो डाग जन्माचा. आधी वाळू द्या.

खरी सफाई दिवाळीनंतर, थंडीच्या कोरड्या हवेत. एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेतच. घरात दमेकरी असेल तर त्याने त्या खोलीत पाऊलही टाकू नये. गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी, वारा आपल्याकडून बाहेर जाईल असं बसा, पंखा बंद. रुंद, मऊ केसांच्या ब्रशाने मधून कडेकडे, एकाच दिशेने. डेटॉल, व्हिनेगर, सॅनिटायझर यातलं काहीही नको. सॅनिटायझरने मी एका दस्तावरचा जांभळा शिक्का गुलाबी ढग करून ठेवला आहे, पुरावा म्हणून जपलाय. फाटलेल्या जागी सेलोटेप नको, त्याचा चिकटा काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. प्लॅस्टिकचं लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही.

उन्हाबद्दल वाद होतो. आश्विनात पोथ्या उघडायच्या या जुन्या रिवाजात अर्थ आहे: पाऊस सरलेला असतो आणि वर्षातून एकदा प्रत्येक गाठ सुटते. पण थेट ऊन नको. त्याने रंग उडतात, लगद्याचा कागद भराभर पिवळा पडतो, पानं वाकतात. सावलीतला वारा पुरतो. वेखंड, कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर सुका, पुरचुंडीत, कागदाला न लागता. किड्यांना त्याने थोडा आळा बसत असेल, बुरशीला नाही. ओला पाला म्हणजे आपणच ओल नेऊन ठेवणं.

पानं एकमेकांना चिकटली असतील, शाई सुटत असेल, हिराकशीने चिरा पडल्या असतील तर तिथे थांबा. तो घरचा विषय नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथल्या जाणकारांना आधी विचारा.

आणि पाण्यातच भिजलं तर? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या अनेकांनी भिजलेले कागद तसेच दोन-तीन दिवस ठेवले, कारण आधी घर सावरायचं होतं. साहजिक होतं, पण बुरशीला एक-दोन दिवस पुरतात. जे आजच्या आज पसरून वाळवता येत नाही ते पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि तुम्हाला दम घ्यायला वेळ मिळतो.

पाचवं वर्ष: काय टिकलं

अख्खं घर कोरडं करण्याचा नाद सोडला. घरातली सगळ्यात लहान, आतली, जेमतेम आठ बाय सहाची सामानाची खोली दप्तराला दिली. दाराखालच्या फटीला पट्टी लावली आणि डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) ५५ टक्क्यांवर लावून ठेवला. जुलैत त्याची टाकी दिवसातून दोनदा ओतावी लागते. ते पाणी पाहिलं की एरवी ते कुठे बसत होतं याचा अंदाज येतो. विजेचं बिल वाढतं. एसीपेक्षा कमी, पण वाढतं.

यंत्र परवडत नसेल तर दुसरी वाट: रबरी कडेच्या, घट्ट झाकणाचे डबे आणि सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे मणी. बुटाच्या खोक्यातल्या चिमुकल्या पुड्यांनी काही होत नाही. घनमीटरला २० किलो हा संग्रहालयांचा जुना हिशेब, म्हणजे ३० लिटरच्या डब्याला साधारण ६०० ग्रॅम. मण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, पुन्हा कामाला येतात. डब्यात मापक ठेवा. आकडा ३५ च्या खाली गेला तर थोडं जेल काढा, फार कोरडा कागद ठिसूळ होतो. कॅल्शियम क्लोराइडचे पाणी साचवणारे डबे कपड्यांच्या कपाटात ठीक, दप्तरात नको. ते एकदा कलंडले की खारट पाणी थेट पोथीवर.

पण डबे भरायचे कधी, यावर सगळं आहे. जूनच्या पहिल्या सरीनंतर घाईघाईने भरलात तर कागदांनी पिऊन ठेवलेली ओल आत कोंडली जाते, आणि तुम्ही पावसाळाच डब्यात भरून ठेवलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दिवशी, दुपारी भरा.

यंत्र वापरत असाल तर सप्टेंबरात पाऊस ओसरला म्हणून लगेच बंद करू नका. गठ्ठ्याच्या पोटातली ओल वरच्या पानानंतर कितीतरी दिवसांनी निघते. मी कोजागरीपर्यंत चालू ठेवते, आणि गाठी सोडते त्या भाऊबीज झाल्यावर.